बंदुकीच्या काजळीची कुळकथा

रायफलीच्या तोंडाशी बसविलेल्या मझल ब्रेकच्या भोकांभोवती जो काळाकभिन्न, नखाने न निघणारा थर धरतो, त्याचा मूळ पुरुष शोधू गेल्यास तो सोरा, कोळसा आणि गंधक यांच्या जुन्या दारूपाशी सापडतो. सुमारे ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा व १० भाग गंधक अशा त्या मिश्रणाचा बार उडाला की वजनाने निम्म्याहून अधिक द्रव्य वायुरूप न होता घनरूपाने उरे. त्यातले काही धुराबरोबर बाहेर पडे, आणि नळीला चिकटलेले हवेतील ओल शोषून राप धरी. ठासणीच्या बंदुकीत गोळी तोंडाकडूनच गजाने खाली न्यावयाची असल्यामुळे, आणि नळीत पेचदार खाचा असल्यास ती घट्ट बसणे अवश्य असल्यामुळे, दहा-वीस बारांनंतर शिपाई हतबल होई.

यावर फ्रान्सच्या मिन्ये याने १८४९ च्या सुमारास नळीहून किंचित बारीक, तळाशी पोकळ, बार होताच फुगून खाचांत रुतणारी गोळी काढली. १८५३ च्या एन्फील्ड बंदुकीने तेच तत्त्व उचलले. आणि गोळी सुरळीत उतरावी, राप मऊ राहावा, म्हणून काडतुसाच्या कागदाला वंगण लावण्याचा दंडक पडला. ते वंगण गाईच्या व डुकराच्या चरबीचे आहे, ही वार्ता छावणीछावणीतून फिरली आणि १८५७ साली बराकपूर व मेरठ पेटले. त्या उठावाची कारणे कितीतरी खोल होती, हे निर्विवाद. तथापि चरबीविषयी एवढे लिहिले गेले असता, जिच्यापायी ती चरबी लागली त्या काजळीचा उल्लेखही क्वचितच व्हावा, ही उणीव मला फार जाणवते.

१८८४ साली पोल व्हिएय याने निर्धूम दारू सिद्ध केली. धूर व क्षार बव्हंशी गेले, कार्बन मात्र राहिला. पुढे मागचा धक्का कमी करण्यासाठी तोफांच्या तोंडी बसणारा ब्रेक रायफलीवरही आला, तेव्हा या कार्बनाला आयते ठाणे मिळाले: गोळीमागून सुटलेला वायू ब्रेकच्या आडव्या भिंतींवर आदळून बाजूंना वळतो, त्यातील काजळी आणि गोळीच्या धातूचे सूक्ष्म कण तेथेच बसतात, व पुढच्या बाराच्या उष्णतेने भाजून दगडासारखे होतात. आट्यांत शिरलेला हा थर ब्रेक नळीला असा जखडून टाकतो की तो पान्यालाही दाद देत नाही. म्हणून जाणता कारागीर तो वेळीच सोडवून विद्रावकात भिजत ठेवतो, पितळी ब्रशाने घासतो, पण नळीच्या मुखाच्या कडेला पोलादी टोचणी लागू देत नाही. तेथे ओरखडा पडला तर वायू एका बाजूने आधी निसटतो आणि गोळी नेम सोडून जाते.