नकाशात नसलेला गड

परवा पुण्याच्या पुतणीने एक इंग्रजी पुस्तक धाडले. उर्सुला ल ग्विन या अमेरिकन बाईंचे, 1976 सालचे. 'ऑर्सिनियन टेल्स'. आम्ही मराठी माध्यमाचे बीए, त्यामुळे शब्दकोश मांडीवर घेऊन महिनाभर पुरवले!

ऑर्सिनिया हा मध्य युरोपातला देश. नकाशात शोधू नका, तो बाईंनी स्वतः रचलेला आहे. लॅटिनमध्ये 'उर्सा' म्हणजे अस्वल, त्यावरून लेखिकेचे नाव आणि देशाचेही. (आपला 'ऋक्ष' त्याच कुळातला.) एकूण अकरा गोष्टी, आणि प्रत्येकीच्या शेवटी फक्त साल. एक 1150 ची, एक 1640 ची, एक 1956 ची. त्या साली शेजारच्या हंगेरीत उठाव झाला होता, तो मात्र अगदी खरा. देश खोटा आणि आजूबाजूचा इतिहास खरा, असा हा मामला.

वाचताना 'मोचनगड' आठवला. रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची ही कादंबरी 1871 पासून 'विविधज्ञानविस्तार'मध्ये येऊ लागली. मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून बीएला आम्ही ती पाठ केली होती. काळ शिवरायांचा, पण गड लेखकाच्या मनातला. त्याआधीच्या 'मुक्तामाला', 'मंजुघोषा' यांत राजा, राज्य, काळ, सगळेच कल्पित. गुंजीकरांनी गड तेवढा कल्पित ठेवला आणि भोवती खरा काळ उभा केला. गुंजीकर स्वतः शिक्षक होते, हे मला विशेष वाटते.

आता आमच्याकडची उलटी गोष्ट. आमच्या खालापूर-कर्जतच्या डोक्यावर बोरघाट आणि राजमाची. हा गड नकाशात आहे, श्रीवर्धन आणि मनरंजन असे त्याचे दोन बालेकिल्ले आहेत. 1776 साली तो घेतला एका खोट्या माणसाने!

पानिपत झाले 14 जानेवारी 1761 रोजी. सदाशिवरावभाऊ गेले यावर पुष्कळांचा विश्वास बसेना. त्यात सुखनिधान नावाचा कनोजी ब्राह्मण 'मीच भाऊ' म्हणून पुढे आला. माधवराव पेशव्यांनी त्याला कैदेत टाकले. पण माधवराव गेले, नारायणरावांचा खून झाला, गादीवर तान्हे सवाई माधवराव आले. अशा वेळी रत्नागिरीचे सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे यांनी या तोतयाला सोडले, आणि बघता बघता कोकणचे किल्ले त्याच्या हाती गेले. राजमाचीही गेली. पुणे आता फार लांब नव्हते. कारभाऱ्यांनी आम्ही शरण येतो अशी बोलणी लावून त्याला झुलवत ठेवले आणि मग एकदम फौजा घातल्या. तोतया खाली कोकणात पळाला, कुलाब्याकडे आंग्र्यांच्या हाती सापडला आणि त्याच वर्षी पुण्यात त्याला देहदंड झाला. पुढे न. चिं. केळकरांनी यावर 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिले.

हजारो माणसे त्याच्यामागे गेली. ती सगळी मूर्ख होती असे मी वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो. आता तसे सांगवत नाही. घरातला माणूस पानिपतावरून परत आला नाही, त्याची काही खबरही नाही, अशी किती घरे असतील! खुद्द भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई. त्या रणावरून परत आल्या आणि आपण विधवा झालो हे त्यांनी मानलेच नाही. 1783 मध्ये त्या गेल्या. तोतया पुण्याच्या वाटेवर आहे ही बातमी वाड्यात आली तेव्हा त्यांना काय वाटले असेल? मला तरी हे कुठल्या बखरीतून शिकवता आले नाही. एखाद्या ल ग्विनबाईंनाच ते लिहिता येईल.

एक कबुली देतो. नववीतल्या एका मुलाने 'माझ्या गावचा किल्ला' या निबंधात गावामागच्या टेकडीवर किल्ला बांधला होता. तट, बुरूज, शेवटी फितुरी, आणि किल्लेदाराची वाट पाहणारी म्हातारी आईसुद्धा. मी लाल शाईने लिहिले, 'पुरावा?' आणि दहापैकी तीन गुण दिले. पोरगे त्यानंतर निबंधात गाय आणि पावसाळा यांच्यापलीकडे गेले नाही.

आज तो खोपोलीकडे असतो असे ऐकतो. भेटला तर त्या म्हातारीचे पुढे काय झाले ते विचारणार आहे.