कलम तीनशे बारा

गर्भपाताबद्दल चारचौघांत बोलू नये असे काहींना वाटते. कायदा मात्र १८६० पासून बोलतोच आहे. त्या साली झालेल्या दंडसंहितेच्या ३१२ व्या कलमाने, बाईचा जीव वाचवण्याचे कारण वगळता, गर्भपात घडवणे गुन्हा ठरवले. खाली पुस्ती जोडली की स्वतःचा गर्भ पाडणारी बाईही त्यात येते. तिला त्या दशेला आणणाऱ्या पुरुषाविषयी अवाक्षर नाही!

अर्भकहत्येमागेही हीच लाज होती. म्हणून तर जोतीराव-सावित्रीबाईंनी १८६३ त पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. १८८१ त सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला फाशी फर्मावली गेली. अपिलात शिक्षा कमी झाली. त्या निमित्ताने बायकांवर उठलेल्या गदारोळाला पुढल्याच वर्षी बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून उत्तर दिले.

१९६४ त शांतिलाल शाह समिती बसली. गर्भातला जीवही जीवच, हा आक्षेप मला पोकळ वाटत नाही. पण चोरून केलेल्या गर्भपातात बाईचा जीव जातो, त्याचे काय? १९७१ च्या कायद्याने वाट मोकळी केली, निर्णय मात्र डॉक्टरच्या मतावर ठेवला. मूळ कलम गेलेच नाही. २०२४ पासून ते न्याय संहितेत ८८ वे झाले. आम्ही युनियनवाले याला सवलत म्हणतो, हक्क नव्हे.

१९९५ त प्रसूती लाभ कायदा दुरुस्त करून अशा गर्भपातानंतरही सहा आठवड्यांची पगारी रजा दिली गेली. ती मागायची तर कारण सांगायला हवे. आमच्या गोंदियाकडच्या बिडी वळणाऱ्या बायांपैकी एकही तो अर्ज घेऊन माझ्याकडे आजवर आली नाही.