वेशीपलीकडचा टीव्ही

आमच्या उस्मानाबादकडे (हो हो, आता धाराशिव!) ७२ साल म्हटलं की जुनी माणसं एकाच गोष्टीवर येतात... दुष्काळ. दुष्काळी कामावर फोडलेली खडी, सुकडी आणि ती लाल मिलो. त्याच १९७२च्या डिसेंबरात अपोलो-१७चे दोन अंतराळवीर चंद्रावर दगड गोळा करत होते, हे मात्र कोणाच्या आठवणीत नसतं. साहजिकच आहे म्हणा. पोटाला चिमटा बसलेला असताना चंद्राकडे कोण बघणार?

ते दोघे सुमारे ११० किलो दगडमाती घेऊन परतले आणि चंद्राची वाट बंद झाली. १९६९ ते ७२ या साडेतीन वर्षांत १२ माणसं तिथे चालली. त्यानंतर आजवर एकही नाही. पुढच्या तीन मोहिमा तर १९७० मध्येच पैशापायी रद्द झाल्या होत्या. म्हणून अवकाशयुगाचा इतिहास बरेचदा 'मोठं स्वप्न आणि मग उतरती कळा' असा सांगितला जातो. मला तो अर्धवट वाटतो. आणि उरलेला अर्धा आपल्या अगदी वेशीपर्यंत येऊन थांबला होता!

झालं असं, की माणूस चंद्रावर उतरल्यावर दोनच महिन्यांनी, सप्टेंबर १९६९ मध्ये, भारताचा अणुऊर्जा विभाग आणि नासा यांच्यात एक करार झाला. नासाच्या एका उपग्रहावरून भारतातल्या खेड्यांना वर्षभर टीव्ही दाखवायचा. कल्पना विक्रम साराभाईंची. ते १९७१च्या डिसेंबरात गेले, पण काम थांबलं नाही. कार्यक्रमाची धुरा होती आपल्या कोल्हापूरच्या एकनाथ चिटणीसांकडे. (२०२५ मध्ये, वयाची शंभरी पार करून ते गेले.)

तो उपग्रह एटीएस-६. सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर, ९ मीटरची छत्रीसारखी उघडणारी अँटेना घेऊन. वरची छत्री एवढी मोठी, म्हणून खाली गावात कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची ३ मीटरची छत्री पुरायची. टीव्ही संच हैदराबादच्या ईसीआयएलने बनवले. १ ऑगस्ट १९७५ पासून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत रोज चारएक तास कार्यक्रम सुरू झाले. सकाळी मुलांसाठी, संध्याकाळी शेती, आरोग्य, करमणूक.

त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. कर्नाटक होता आणि त्यातला गुलबर्गा जिल्हाही होता. आमच्या उमरगा तालुक्याची हद्द ओलांडली की आळंद, म्हणजे गुलबर्गाच. १९५६ पर्यंत दोन्ही जिल्हे एकाच हैदराबाद राज्यात होते. तीच काळी माती, तीच तूर-ज्वारी, तोच लहरी पाऊस, सोयरीकही इकडची तिकडे. पण यादी राज्यवार झाली आणि अवकाशयुग वेशीपलीकडे थांबलं. मुंबईला टीव्ही केंद्र २ ऑक्टोबर १९७२ लाच सुरू झालं होतं, पण मुंबई उमरग्यापासून किती लांब हे मी सांगायला नको.

करार वर्षाचाच होता. ३१ जुलै १९७६ ला प्रक्षेपण थांबलं, उपग्रह अमेरिकेने परत नेला. म्हणजे वेशीपलीकडच्यांनाही तो उसनाच मिळाला होता. पण त्या एका वर्षाने भारताला आपला उपग्रह हवा हे पक्कं शिकवलं. १९८२चा इन्सॅट-१ए काही महिन्यांतच निकामी झाला. ऑगस्ट १९८३ मध्ये चॅलेंजर यानातून गेलेला इन्सॅट-१बी मात्र टिकला. त्यानंतर टीव्ही लहान शहरांत पोचला आणि ढगांचे फोटो बातम्यांत दिसू लागले. कोरडवाहू मुलखाला ढगांचा फोटो म्हणजे काय, हे वेगळं सांगायला हवं का?

तेव्हा महत्त्वाकांक्षा मंदावली का? चंद्राच्या बाबतीत, हो. आपलं गगनयानही २०२२ पर्यंत जाणार असं जाहीर झालं होतं. ते साल माणसाविना उलटलं. पण चढाई थांबली तरी त्या चढाईतून आलेली विद्या खाली उतरत राहिली. अपोलो नसतं तर एटीएस-६ उडवण्याइतकी ताकद आली असती का, ही शंकाच आहे. म्हणून 'आधी पोटाचं बघा, चंद्र कशाला' हा वाद मला पटत नाही. पटतो तो दुसरा प्रश्न: वरून आलेलं खाली कोणाच्या वाट्याला येतं, आणि यादी कोण करतं? २०२३च्या ऑगस्टमध्ये चंद्रयान-३ उतरलं तेव्हा टाळ्या सगळीकडे सारख्याच वाजल्या. वाटणीही तशीच सारखी व्हावी, इतकंच.

असो. उमरगा, आळंद, बसवकल्याण भागातल्या कोणी नातेवाइकांनी १९७५चा तो जाळीच्या छत्रीचा टीव्ही पाहिला असेल, तर जरूर लिहून कळवा. अशा आठवणी पुस्तकांत सापडत नाहीत.