पहाऱ्याच्या रात्री

आत्याच्या इतिहासात काळ दोनच : संपाच्या आधी आणि संपानंतर. संप म्हणजे १८ जानेवारी १९८२चा, दत्ता सामंतांचा. अडीच लाख गिरणी कामगार घरी बसले ते बसलेच. भोंगे थांबले आणि चाळीच्या जिन्याखाली गर्दच्या पुड्या आल्या. सिगारेटच्या पाकिटातली चांदी, तिच्यावर चिमूटभर पूड, खाली पेटती काडी. धाकट्या काकाच्या त्या धुरात आत्याच्या पाटल्या गेल्या.

१९८६ साली अनिता आणि अनिल अवचटांनी पुण्याला येरवड्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. पुढच्या वर्षी आत्या काकाला तिथे घेऊन गेली. परतल्यावर दुकानातली नोकरी, संध्याकाळची व्यसनमुक्तांची मीटिंग, दहाला झोप. बघणाऱ्याला कंटाळा यावा असं आयुष्य. पण तो तगला तो त्याच्यावरच.

९२-९३च्या मुंबईतल्या दंगलींत नेमकं तेच मोडलं. श्रीकृष्ण आयोगाने ९०० मृत्यू नोंदवले. पण दिनक्रमाची असली पडझड कुठल्या रजिस्टरात बसत नाही. संचारबंदीत दुकान बंद, मीटिंग बंद. रात्री चाळीच्या गेटावर पोरांचा पहारा. “ट्रक भरून येतायत” अशी आवई रोजचीच. जागरणाला आधी चहा, मग बिडी, मग बाटली. “मला बाहेरच्यांची भीती नव्हती गं,” आत्या सांगायची, “ह्याच्या शेजारी कोण बसतंय त्याची होती.” शेवटी तीच स्टूल टाकून गेटावर बसू लागली. पोरं चरफडायची, पण बाटली निघायची नाही.

१९९३च्या १२ मार्चला सेंच्युरी बाजारपाशी स्फोट झाला. आमची चाळ प्रभादेवीची. काका धावत गेला, जखमींना उचलून टॅक्सीत घालत राहिला. शहरभरच्या स्फोटांत त्या दिवशी २५७ माणसं गेली. हा आज घसरणार, असं सगळ्यांनीच धरलं होतं. पण त्या दिवशी त्याच्या हाताला काम होतं. स्लिप झाली ती मे महिन्यात, मुंबई कशी सावरली याचं कौतुक छापून झाल्यावर. (त्या कौतुकाचा मला अजून राग येतो.) डोळा लागला की स्फोटातली बस जळताना दिसायची. झोप यावी म्हणून त्याने पुडी घेतली, पूर्वीच्याच मापाची. पण इतकी वर्षं कोरड्या राहिलेल्या शरीराला जुनं माप झेपत नाही, श्वासच मंदावतो. संडासाचं दार फोडून त्याला बाहेर काढला, म्हणून वाचला.

२०२०च्या लॉकडाऊनमध्ये मीटिंगा पुन्हा बंद पडल्या, तेव्हा काका नव्या पोरांना फोन लावायचा. “घेतलीस का?” असं कधीच विचारायचा नाही. “काल झोपलास का? जेवलास का?” आणि शेवटी, “सगळं उघडेल ना, तेव्हा जास्त जप.” ४ मेला दारूच्या दुकानांपुढे रांगा लागल्या. त्या दिवशी आत्याने त्याला कितीदा फोन केला, सारखा एंगेज.