नांगराला लागलेला कायदा

१९६४ साली आमच्या फोपनार गावच्या जमिनीत बुद्धाच्या कांस्यमूर्ती सापडल्या. दीड हजार वर्षांच्या. त्यांतल्या काही आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत.

शाळेत नागरिकशास्त्र शिकवताना मी बरीच वर्षं कलमं पाठ करून घेतली. पोरं गुण मिळवायची, परीक्षा संपली की विसरायची. २००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर एनसीईआरटीच्या पुस्तकांतून ‘नागरिकशास्त्र’ हे नावच गेलं आणि त्या जागी ‘सामाजिक व राजकीय जीवन’ आलं. मला तो बदल मनापासून पटला.

मग गावात सापडलेल्या त्या मूर्ती आठवून मी प्रश्न बदलला: ‘केळीच्या वावरात नांगराला हंडा लागला. काय कराल?’ कुणी लिहिलं, घरात लपवू. कुणी लिहिलं, देवळात ठेवू. तेव्हा १८७८चा गुप्तधन कायदा काढला. दहा रुपयांहून अधिक मोलाचं काही सापडलं, तर कलेक्टरला लेखी कळवायचं: काय सापडलं, अंदाजे किंमत किती, कुठे, कधी. प्रत्येकाकडून तो अर्ज लिहून घेतला. एका मुलीनं जागा लिहिली, ‘विहिरीपासून वीस पावलं, बांधाच्या उगवतीला.’

तिला मी पैकीच्या पैकी गुण दिले.