वण्णुपथजातकातील अनामिक सेवक

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना भोर तालुक्यात कामथडी हे गाव लागते. अशा गावांतून आज कितीतरी मुले-मुली उच्च शिक्षणासाठी बाहेर पडतात. त्यांपैकी अनेकांच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारे याआधी कोणी नसते. पहिले अपयश पदरी येताच ‘हे आपल्या कुळाला जमणारे नव्हेच’ असा विचार त्यांच्या मनात येतो. बुद्धी कमी पडली असे त्यांना वाटत नाही. आपला जन्मच कमी पडला असे वाटते. शेकडो वर्षांच्या व्यवस्थेने ही आत्मशंका पोसलेली आहे. तिच्यावर कथेचा उपाय चालतो काय, आणि चालत असल्यास कोणत्या कथेचा, याचा विचार आम्ही प्रस्तुत लेखात करू इच्छितो.

हा प्रश्न नवा नाही. कामथडीवरून जाणारी हीच वाट पुढे ज्या साताऱ्याला पोहोचते, तेथील शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव रामजी आंबेडकर या मुलाचे नाव दाखल झाले. त्याच मुलाच्या घरी, त्याच्या विद्यार्थिदशेत, या प्रश्नावर पितापुत्रांत वाद झाला. डॉ. बाबासाहेबांनी १९५६ मध्ये ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत तो प्रसंग नोंदविला आहे. ग्रंथाच्या १९५७ च्या पहिल्या आवृत्तीत ही प्रस्तावना छापली गेली नाही. त्यामुळे पुष्कळ वाचकांना तिचा परिचय उशिराच झाला.

सुभेदार रामजी सकपाळ कबीरपंथी होते. ते मुलांकडून महाभारत व रामायण नेमाने वाचून घेत. ज्या ग्रंथांत ब्राह्मण-क्षत्रियांचा गौरव आणि शूद्र-अस्पृश्यांची अवहेलना आहे, ते आम्ही का वाचावेत, असे भीमरावांनी एकदा विचारले. वडिलांनी तेव्हा दटावले. काही काळाने तोच प्रश्न पुन्हा आला, तेव्हा मात्र सुभेदारांनी उत्तराची तयारी ठेवली होती. आपण अस्पृश्य, तेव्हा मुलांच्या मनात न्यूनगंड निर्माण होण्याचा संभव आहे. द्रोण, कर्ण, वाल्मीकी यांच्यासारखी लहान स्थितीतील माणसे केवढ्या उंचीला गेली हे वाचून तो गंड जावा, एवढाच आपला हेतू आहे, असा त्या उत्तराचा आशय होता.

निवृत्त सुभेदाराने केलेले हे निदान आम्हांस फार मोलाचे वाटते. आपल्या मुलाला पुस्तकांइतकीच स्वतःवरील विश्वासाची गरज आहे आणि तो विश्वास कथेतून मिळू शकतो, हे त्यांनी ओळखले होते. बाबासाहेबांनीही वडिलांच्या म्हणण्यात तथ्य असल्याचे मान्य केले. तथापि त्यांचे समाधान झाले नाही. भीष्म, द्रोण, कृष्ण, राम यांपैकी कोणीच आपल्याला आवडत नाही, असे त्यांनी कारणांसह सांगितले. वडील निरुत्तर झाले. दादा केळुस्कर यांनी भेट दिलेले गौतम बुद्धांचे मराठी चरित्र त्यांनी वाचले होते आणि त्या आधारे ते बुद्धाकडे वळले. हे चरित्र १८९८ मध्ये प्रसिद्ध झाले होते.

निदान बरोबर असूनही औषध लागू का पडले नाही? बाबासाहेबांचा आक्षेप त्या पात्रांच्या वर्तनावर होता. त्याला जोडून आम्ही आणखी एक कारण सुचवितो. कर्णाचेच उदाहरण घ्या. सारथ्याच्या घरी वाढलेला मुलगा केवळ पराक्रमाने राजांच्या पंक्तीला बसतो, इथवर कथा धीर देते. पण पुढे काय उघड होते? तो कुंतीचा पुत्र, म्हणजे जन्माने क्षत्रियच! ज्या गुणांमुळे दीन घरातील वाचकाला उभारी आली, ते गुण अखेर उच्च कुळाच्या खाती जमा होतात. जन्माच्या धाकाने खचलेल्या मुलाला ही कथा अर्ध्या वाटेवर सोडून देते.

आता पालि वाङ्मयाकडे वळू. ५४७ जातकांच्या संग्रहात वण्णुपथजातक दुसऱ्या क्रमांकावर आहे. वण्णुपथ म्हणजे वाळूची वाट. ही कथा भगवंतांनी श्रावस्तीत एका ‘ओस्सट्ठवीरिय’ म्हणजे प्रयत्न सोडून दिलेल्या भिक्खूला उद्देशून सांगितली, असे तिच्या प्रास्ताविक भागात, पच्चुप्पन्नवत्थूत, म्हटले आहे. या भिक्खूने वर्षावासात अरण्यात राहून ध्यानाभ्यास केला. पण त्याला काहीच साधले नाही. तथागतांनी माणसांचे चार प्रकार सांगितले आहेत: उग्घटितञ्ञू, विपञ्चितञ्ञू, नेय्य आणि पदपरम. पदपरम म्हणजे शब्द पाठ झाले तरी या जन्मात ज्याला मार्गफल लाभत नाही असा मनुष्य. आपण या चौथ्या प्रकारचेच असलो पाहिजे, असे ठरवून तो परत आला. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, त्याने धम्मातीलच एक वर्गीकरण स्वतःविरुद्ध वापरले. आत्मशंका नेहमी अशीच एखाद्या अधिकारवाणीचा आधार शोधते.

सोबत्यांनी त्याला भगवंतांपुढे नेले. भगवंतांनी त्याची निर्भर्त्सना केली नाही. पूर्वी तुझ्या एकट्याच्या उद्योगाने पाचशे गाड्यांच्या तांड्याला पाणी मिळाले होते. मग आता धीर का सोडतोस, अशा अर्थाचे ते बोलले. त्यानंतर पूर्वकथा येते.

एक तांडा साठ योजनांचे वाळवंट ओलांडीत होता. दिवसा वाळू निखाऱ्यासारखी तापे, म्हणून प्रवास रात्री ताऱ्यांच्या आधाराने चाले. अखेरच्या रात्री आता पोहोचलोच, असे समजून लाकूडफाटा व पाणी टाकून देण्यात आले. पण वाटाड्याला झोप लागली आणि बैल उलटे फिरले. उजाडल्यावर पाहतात तो सगळे आदल्या दिवशीच्याच मुक्कामी! लोक हताश होऊन गाड्यांखाली पडून राहिले. तांड्याचा प्रमुख असलेल्या बोधिसत्त्वाला एका ठिकाणी गवत दिसले. खाली पाणी असले पाहिजे, असे अनुमान करून त्याने खणायला लावले. साठ हात खोलीवर कुदळ खडकाला लागली आणि सर्वांनी हात टेकले. बोधिसत्त्व खाली उतरला. खडकाला कान लावताच त्याला पाण्याचा आवाज ऐकू आला. तेव्हा त्याने आपल्या लहान सेवकाला लोखंडी घण देऊन घाव घालण्यास सांगितले. इतरांनी आशा सोडली होती. त्या मुलाने सोडली नाही. त्याने घाव घातला. खडक फुटला आणि ताडाएवढा पाण्याचा झोत वर आला.

कथेच्या शेवटी समोधान येते, म्हणजे तेव्हाची पात्रे आणि आताची माणसे यांची जुळणी. त्या वेळी खडक फोडून लोकांना पाणी देणारा लहान सेवक म्हणजेच हा प्रयत्न सोडलेला भिक्खू, आणि तांड्याचा प्रमुख म्हणजे मी, असे भगवान सांगतात. ‘मी हरलो’ म्हणणाऱ्या माणसाला हे सांगितले जाते. कथेतला वीर दुसरा कोणी नसून ऐकणारा स्वतःच आहे, आणि धीर देण्याचे सामर्थ्य येथेच आहे. भिक्खूने पुन्हा प्रयत्न केला आणि तो अर्हत्पदाला पोहोचला, असे कथा सांगते.

यावर दोन शंका संभवतात. पहिली पुनर्जन्माची. बाबासाहेबांनी आत्म्याचे संक्रमण नाकारले, हे आम्ही विसरलेलो नाही. जातकांतील गाथा त्रिपिटकातील असल्या तरी गद्यकथा अट्ठकथेत आहेत आणि तिचे आजचे रूप पुष्कळ नंतरचे आहे. म्हणून आम्ही समोधानाकडे इतिहास म्हणून पाहत नाही. ती एक उपदेशपद्धती आहे. कथा कल्पित मानली तरी तिचे कार्य घडतेच. दुसरी शंका अशी की, येथेही धनी आज्ञा देतो आणि सेवक राबतो. हे खरे आहे. परंतु पाणी दिल्याचे श्रेय कथा धन्याला देत नाही. ती सेवकालाच ‘उदकदायक’ म्हणते. आणि कर्णाप्रमाणे त्याचे गुप्त राजकुल शेवटी उघडकीस येत नाही. त्याला नाव नाही, गोत्र नाही. त्याच्याजवळ फक्त घण आहे आणि न थांबण्याचा निश्चय आहे. महाजनकजातकात किनारा दिसत नसतानाही सात दिवस समुद्रात पोहत राहणारा वीर आहे. वीरियपारमीचे ते थोर उदाहरण होय. पण तो राजपुत्र आहे. आमच्या वस्तीतील मुलाला हा अनामिक सेवक अधिक जवळचा वाटेल.

सुभेदार रामजींनी ही कथा का सांगितली नाही, असे विचारणे अन्यायाचे होईल. जातकट्ठकथेची फाउसबोल यांची रोमन लिपीतील आवृत्ती १८७७ ते १८९६ या काळात लंडनहून निघाली. कॉवेल यांच्या संपादनाखालील इंग्रजी भाषांतर १८९५ ते १९०७ या काळात प्रसिद्ध झाले. जी कथा एके काळी लोकभाषेत सांगितली गेली, ती विसाव्या शतकाच्या आरंभी मराठी घराच्या उंबरठ्यापासून फार दूर गेली होती. मुलाला धीर देण्यासाठी बापाच्या हाताशी जे होते, ते त्याने दिले.

आज ती अडचण उरलेली नाही. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत विहाराविहारांतून ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ याचे वाचन होते. त्याच्या जोडीने एखाद्या संध्याकाळी परीक्षेला बसणाऱ्या, नापास झालेल्या, शिक्षण सोडून घरी आलेल्या मुलामुलींना जवळ बसवून वण्णुपथजातक वाचावे, अशी आमची सूचना आहे. मात्र ते वाचताना समोधान गाळू नये. या मुलांच्या आईबापांनी आणि आजीआजोबांनी याहून कठीण खडक फोडले आहेत. महाडच्या तळ्याचे पाणी १९२७ मध्ये कोणी खुले केले, हे त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही. घण त्यांच्या घरात पूर्वीपासून आहे, एवढे त्यांच्या लक्षात आणून दिले म्हणजे पुरे.