थर लागले किती, उतरले किती?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

श्रोतेहो, घरातलं एखादं मूल व्हिडिओ गेम खेळत असताना त्याच्याकडे पाहा. पडद्यावर मध्येच एक छोटी चौकट चमकते आणि पोराचा चेहरा खुलतो. खेळातला एक अवघड टप्पा त्याने पार केलेला असतो आणि खेळाने त्याला एक बिल्ला बहाल केलेला असतो. या बिल्ल्याला ‘अचीव्हमेंट’ म्हणतात. बाजारात त्याला दमडीची किंमत नाही. तरीही त्याच्यासाठी मुलं रात्री जागवतात.

या बिल्ल्याचा इतिहास मोठा गमतीचा आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतली ‘ॲक्टिव्हिजन’ ही कंपनी अटारी यंत्रासाठी खेळ तयार करत असे. १९८२ साली आलेल्या तिच्या ‘पिटफॉल’ या खेळात २० हजार गुण मिळाले, की खेळणाऱ्याने टीव्हीच्या पडद्याचा फोटो काढून पोस्टाने पाठवायचा. कंपनी खातरजमा करून त्याला कापडी बिल्ला धाडत असे. २००५ साली मायक्रोसॉफ्टने ‘एक्सबॉक्स ३६०’ बाजारात आणला, तेव्हा हा बिल्ला यंत्रातच आला. २००८ साली सोनीने ‘प्लेस्टेशन’वर ट्रॉफ्या सुरू केल्या.

एवढ्या वर्षांच्या अनुभवातून खेळ रचणारे काही गोष्टी शिकले. बक्षीस कशासाठी आहे, हे आधी ठाऊक असावं. ते नशिबाने नव्हे, कसबाने मिळावं. नुसता खेळ सुरू केला म्हणून दिलेल्या बिल्ल्याचं कौतुक वाटत नाही आणि तेच ते शंभर तास करायला लावणारा बिल्ला मिळाला तरी समाधान देत नाही. मधल्या पायऱ्यांचीही दखल घ्यावी, म्हणजे शिखर न गाठणाराही रिकाम्या हाताने परतत नाही. शेवटचा नियम मला सर्वात महत्त्वाचा वाटतो. ज्या गोष्टीला बक्षीस लावाल तीच गोष्ट लोक करतील. म्हणून बक्षीस जपून लावावं.

हे नियम आपल्याला परके नाहीत. आपल्या उपनगरांत दरवर्षी श्रावणात हीच परीक्षा भर रस्त्यावर होते. मी दहीहंडीबद्दल बोलतोय.

गुरुपौर्णिमेला नारळ फुटतो आणि गोविंदा पथकांचा सराव सुरू होतो. दिवसभर नोकरी करून, लोकलमध्ये उभं राहून आलेली मुलं रात्री मैदानात खांद्याला खांदा लावतात. मग गोपाळकाल्याच्या दिवशी पथक एका हंडीवरून दुसऱ्या हंडीकडे निघतं. हंडी फोडण्याचा मान एकालाच. पण आपल्या लोकांनी इथे एक सुंदर तोड काढली आहे, ती म्हणजे सलामी. पथकाने थर लावायचे, सर्वात वरच्या चिमुकल्या ‘एक्क्या’ने हात उंचावायचा आणि हंडीला न शिवता खाली यायचं. जितके थर, तितकं बक्षीस. पाच थरांचं लहान पथकही मान घेऊन जातं. मधल्या पायरीचा बिल्ला तो हाच!

जोगेश्वरीच्या ‘जय जवान’ पथकाने २०१२ साली ठाण्यात नऊ थर रचले. उंची भरली ४३.७९ फूट आणि गिनीज बुकात नोंद झाली. २०२५ साली जोगेश्वरीच्याच ‘कोकण नगर’ पथकाने ठाण्यात दहा थर लावून दाखवले. पश्चिम रेल्वेवरच्या एका उपनगराने हे करून दाखवावं, याचा अभिमान वाटतोच.

पण श्रोतेहो, व्हिडिओ गेममधला गडी पडला तर एक ‘लाइफ’ जाते आणि खेळ पुन्हा सुरू होतो. सातव्या थरावरून पडणाऱ्याला दुसरी लाइफ नसते. बक्षिसांचे आकडे लाखांत गेले, तसे थरही वाढले आणि एक्का जितका हलका तितका बरा, म्हणून लहान मुलं वर चढू लागली. कुणाच्या मनात पाप नव्हतं. बक्षीसच उंचीला लावलेलं होतं.

प्रकरण न्यायालयात गेलं. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने १८ वर्षांखालील मुलांना मनाई केली आणि उंचीला २० फुटांची मर्यादा घातली. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयानेही ही बंधनं सैल करायला नकार दिला. वीस फूट म्हणजे जेमतेम चार थर. पथकं नाराज झाली. २०१७ साली राज्य सरकारने १४ वर्षांखालील मुलांना सहभागी होऊ देणार नाही अशी हमी दिली आणि उच्च न्यायालयाने उंचीवर बंधन घालायचं नाकारलं. २०२२ साली राज्य सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला आणि गोविंदाचा मृत्यू झाल्यास कुटुंबाला १० लाख रुपयांची मदतही जाहीर केली. मदत हवीच. पण ती पडल्यानंतरची गोष्ट झाली.

पडण्याआधीची गोष्ट स्पेनमधल्या कॅटलोनियात पाहायला मिळते. तिथेही दोनशेहून अधिक वर्षं मानवी मनोरे रचले जातात. युनेस्कोने २०१० साली या परंपरेला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाचा मान दिला. तिथे वरच्या मुलांच्या डोक्यावर हेल्मेट असतं. तारागोना शहरातल्या स्पर्धेत मनोरा पूर्ण उभा राहिला आणि उतरताना कोसळला, तर गुण कमी मिळतात. तोच मनोरा शेवटच्या माणसापर्यंत सुखरूप उतरला, तर जास्त. साहजिकच तिथली पथकं उतरण्याचाही जीव लावून सराव करतात.

आपल्याकडे हे करायला ना कायदा लागतो, ना परदेशी तज्ज्ञ. सलामीची पद्धत आपली आहेच; आयोजकांनी पाटीवर एक ओळ वाढवावी: थर लागले तर अर्धं बक्षीस, सर्व सुखरूप उतरले तर पूर्ण. सहा थर नीट उतरवणाऱ्या घाटकोपरच्या किंवा मुलुंडच्या पथकाला आठ थरांवरून कोसळणाऱ्यापेक्षा मोठा मान मिळू दे. उंची कमी करायची गरज पडणार नाही आणि गोविंदाचं साहसही उणं होणार नाही.

हंडी फुटली की आपण टाळ्या वाजवतो आणि पुढच्या नाक्याकडे वळतो. यंदा जरा थांबू या. एक्क्याचे पाय जमिनीला लागले, की मग वाजवू.